इंदुरात लॅब्रॅडॉरची वीण घरी काढायची आहे? आकडे, रीत आणि हमखास होणाऱ्या चुका

तराजू (धागाकर्ता)

"आमची लॅब दीड वर्षाची झाली, एकदा पिल्लं काढावी म्हणतोय, काय काय लागेल?" हा प्रश्न इथे पुन्हा पुन्हा येतो आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरतात. म्हणून हा धागा. आपापल्या कुत्रीचे किस्से दुसरीकडे लिहा. इथे फक्त कसं करायचं आणि कुठे फसतं एवढंच.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. "एकदा तरी आई झाली पाहिजे, नाहीतर आजारी पडते" याला काही आधार नाही. उलट न फळलेल्या, नसबंदी न केलेल्या मादीला उतारवयात गर्भाशयात पू होऊ शकतो, तो एकदा पिल्लं झाल्याने टळत नाही, नसबंदीने टळतो. तेव्हा कुत्रीच्या भल्यासाठी वीण काढतोय असं सांगू नका. हौस आहे म्हणा, चालेल.

आता माज. रक्तस्राव दिसला तो पहिला दिवस. आपल्याकडे "नववा, अकरावा, तेरावा" असे दिवस ठरवून नराकडे नेतात, आणि मादी रिकामी राहण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. काही माद्यांची बीजं सातव्या-आठव्या दिवशी सुटतात, काहींची वीस दिवसांनी. खात्री हवी तर प्रोजेस्टेरॉन (बीज सुटताना रक्तात वाढणारं संप्रेरक) तपासा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दर दोन-तीन दिवसांनी रक्त. आकडा २ नॅनोग्रॅमच्या आसपास आला की हालचाल सुरू झाली, ५ च्या पुढे गेला की बीज सुटलं. सुटलेलं बीज लगेच फळत नाही, पिकायला दोन दिवस घेतं. म्हणून पहिलं मेटिंग त्यानंतर दोन दिवसांनी, आणि ४८ तासांनी दुसरं. माणसांच्या पॅथॉलॉजीत ही तपासणी होते. जेलवाली नळी नको, साधी लाल झाकणाची सांगा, आणि प्रत्येक वेळी तीच पॅथॉलॉजी. दोन ठिकाणच्या आकड्यांची तुलना करून उपयोग नाही.

बीज सुटल्यापासून ६३ दिवस, एक दिवस इकडे-तिकडे. मेटिंगच्या तारखेपासून मोजलं तर ५८ ते ६८ असा दहा दिवसांचा घोळ होतो. रात्रीची सिझेरियन करायची की नाही हे ठरवताना तो घोळ महागात पडतो.

---

शेपूटपुराण

उत्तम धागा. मेटिंगच्या आधीचं राहिलं, ते टाकतो.

ब्रुसेला या जंतूची तपासणी: नर आणि मादी दोघांचीही. "आमचा नर एकदम फिट आहे" हे उत्तर नव्हे, रिपोर्ट मागा. हा जंतू साधारण पंचेचाळिसाव्या दिवसानंतर गर्भपात घडवतो, पुरता बरा होत नाही आणि माणसालाही लागतो. बाकी सगळ्यात काटकसर करा, यात नको.

खुबे: लॅब, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांच्या खुब्यांचा एक्स-रे दोन वर्षांनंतरचा असला तर जास्त भरवशाचा. म्हणजे दीड वर्षाची मादी "फिट" ठरवायला अजून सहा महिने थांबा. जाहिरातीतलं "हेवी बोन, डबल बोन, किंग साइज" हे खुबे कसे आहेत याबद्दल काहीच सांगत नाही. वजन जास्त आणि खुबा सैल, हीच जोडी पुढे लंगडते.

रंगाच्या मागे लागणाऱ्यांसाठी: दोन मर्ल (फिक्या रंगावर गडद डागांच्या) कुत्र्यांचं मेटिंग करू नका. चारातलं एक पिल्लू डबल मर्ल (आई-बाप दोघांकडून तो गुण घेतलेलं) निघण्याची शक्यता असते आणि त्यांतली बरीच बहिरी किंवा आंधळी असतात.

---

अपन_इंदौरी

भिया, एक सरळ विचारतो. आठ पिल्लं निघाली तर पैसे सुटतात ना? सगळे तर तेच म्हणतात.

---

तराजू

@अपन_इंदौरी, रुपये दर गल्लीला वेगळे, म्हणून नग मोजू. आठ पिल्लं धरा.

जंताचं औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात: ३२ डोस. आईचेही डोस त्याच दिवशी. लस सहाव्या आणि आठव्या आठवड्यात: १६ कुप्या. मायक्रोचिप ८. आधीच्या तीन-चार प्रोजेस्टेरॉन, एक सोनोग्राफी, एक एक्स-रे, ब्रुसेला, स्टड फी (नराच्या मालकाला द्यायचे पैसे) किंवा त्याऐवजी निवडीचं एक पिल्लू. दूध उतरलं की आईचा खुराक तिप्पट. चौथ्या आठवड्यापासून आठ तोंडांचा स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं पहिलं खाद्य. वर्तमानपत्राची रद्दी किलोने, चादरी रोज धुवायच्या. आणि पहिले चौदा दिवस रोज दोनदा वजन: ८ × २ × १४ म्हणजे २२४ नोंदी, त्याही बहुतेक तुमच्याच हातच्या.

यात सिझेरियन धरलेली नाही. ती लागली तर साधारण विणीतला नफा तिथेच जातो. दोन पिल्लं गेली तर मग घरातूनच भरायचं. ज्यांच्याकडे सिझेरियनची रक्कम आजच वेगळी काढून ठेवलेली नाही, त्यांनी मेटिंग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

---

अपन_इंदौरी

समझ गया. म्हणजे लॉटरी नाही, लग्नघर आहे.

---

मावळतीची_सावली

व्याण्याची पेटी आणि प्रत्यक्ष बाळंतपण मी लिहिते.

लॅबसाठी ४ × ४ फुटांची पेटी, भिंती दीड फूट, एका बाजूला आईला ओलांडता येईल अशी खाच. आतून चारही बाजूंनी पीव्हीसी पाइपचा कठडा, जमिनीपासून ४ इंच वर आणि भिंतीपासून ४ इंच आत. हा कठडा लोक विसरतात. आई भिंतीला टेकून बसते, मागे पिल्लू सापडतं, आणि तिला कळतही नाही. पाइपमुळे तेवढी सांद मोकळी राहते. पेटी दहा दिवस आधीपासून ठेवा, नाहीतर ती तुमच्या दिवाणाखालीच विणार.

पंचावन्नाव्या दिवसानंतर एक एक्स-रे. सोनोग्राफी साधारण २५ ते ३० दिवसांनी गाभण आहे की नाही सांगते, पण पिल्लं मोजायला एक्स-रेच. आकडा माहीत असला की "आता संपलं का?" ही शंका उरत नाही. एकच पिल्लू दिसलं तर डॉक्टरांशी आधीच बोला. कळा सुरू होण्याचा इशारा पिल्लांकडून येतो, एकट्याचा इशारा तोकडा पडतो आणि दिवस उलटून जातात.

अठ्ठावन्नाव्या दिवसापासून दिवसातून तीनदा ताप घ्या. एरवी ३८.३ अंश सेल्सियसच्या आसपास. तो ३७.२ च्या खाली उतरला की बहुधा २४ तासांत विणार. हा उतार आठ-दहा तासच टिकतो, एकदाच मोजलंत तर हुकतो.

पहिली पायरी: धापा, उकरणं, खाणं सोडणं. बारा तास, पहिलटकरणीत चोवीसही. इथे घाई नको. खरा जोर लावायला लागली की घड्याळ सुरू. डॉक्टरांना फोन कधी:

जोरदार कळा अर्धा तास आणि पिल्लू नाही.
आत पिल्लं शिल्लक आहेत आणि दोन तास काहीच नाही.
पहिल्या पिल्लाच्या *आधी* हिरवा स्राव. (पहिल्यानंतर हिरवट-काळा आला तर घाबरू नका, तो वारेचा रंग आहे. आधी आला तर वार सुटली आहे आणि आतल्या पिल्लाला हवा मिळत नाही.)

पिल्लू आलं की पिशवी फाडा, तोंड-नाक पुसा, खरखरीत टॉवेलने पाठ चोळा. डोकं खाली धरून झटके देण्याची जुनी पद्धत सोडा, मेंदूला इजा होते. नाळ आईने नाही तोडली तर पोटापासून इंचभर सोडून दोऱ्याने बांधा, पुढे कापा, टोक पोव्हिडोन आयोडीनमध्ये बुडवा. दर पिल्लामागे एक वार, कागदावर रेघ मारत जा. आईने दोन-तीन खाल्ल्या तर खाऊ द्या, सगळ्या खाल्ल्या तर दुसऱ्या दिवशी जुलाब.

आणि ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन घरात ठेवू नका. पिल्लू आडवं अडकलं असताना दिलं तर गर्भाशय फाटतो.

---

महूरोड

वरच्यात एक भर. व्याण्याच्या आठवडाभर आधी रात्री खरोखर उघडी असणारी दोन ठिकाणं फोन करून पक्की करा. पाटीवर "२४ तास" असणं आणि रात्री दोनला भूल देणारा माणूस हजर असणं या दोन वेगळ्या गोष्टी. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासूनचं आहे, हात तयार आहेत, पण इंदुरातून रस्त्याचा वेळ धरा आणि वेळा आधी विचारून ठेवा.

---

तराजू

आता माझा आवडता विषय, वजन.

स्वयंपाकघरातला ५ किलोचा डिजिटल काटा, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा. त्यावर टोपली, टोपलीत रुमाल. लॅबचं पिल्लू जन्मतः साधारण ३५० ते ५०० ग्रॅम. पहिल्या दिवशी थोडं उतरतं, पण दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर धोका. त्यानंतर रोज पाच ते दहा टक्के वाढ, आणि आठ-दहा दिवसांत दुप्पट. सलग दोन वजनांत वाढ नाही म्हणजे ते पिल्लू आजारी आहे, मग ते कितीही गुबगुबीत दिसो. डोळ्याला कळायच्या एक दिवस आधी काट्याला कळतं. त्या एका दिवसात पिल्लू वाचतं.

ओळखीसाठी गळ्यात लोकर बांधू नका, रात्रीत आवळते. पाठीवर, मानेवर, ढुंगणावर वेगवेगळ्या जागी केसांना नेलपॉलिशचा ठिपका द्या, चार दिवसांनी पुन्हा.

---

गोचीडमार

वजनाइतकंच तापमान महत्त्वाचं. पिल्लाला पहिले दोन-तीन आठवडे स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. अंगाचं तापमान पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७. पेटीत पहिल्या आठवड्यात २९ ते ३२, नंतर हळूहळू २६ पर्यंत. थर्मामीटर भिंतीवर नको, पिल्लांच्या उंचीवर हवा.

माळव्यात फसगत रात्री होते. दुपारी पंखा लावावा वाटतो आणि पहाटे चारला पारा उतरलेला असतो. बल्ब पेटीच्या एकाच कोपऱ्यावर टांगा, म्हणजे ज्याला गरम होतं ते सरकेल. सगळी एकमेकांवर ढीग करून चीं-चीं करतायत म्हणजे थंडी. पेटीभर पांगून धापतायत म्हणजे उकाडा. रांगेने पडून झोपली आहेत, मधूनच एखाद्याचा पाय, कान, ओठ उडतोय, म्हणजे ठीक. नवजात पिल्लू झोपेत सतत फुरफुरतं. जे अगदी स्तब्ध पडलंय त्याला उचला. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून, कधीही उघडी नाही.

गार पिल्लाला दूध पाजू नका. ३४.५ च्या खाली आतडं चालत नाही, दूध आत नासतं किंवा फुप्फुसात जातं. आधी ऊब, तीही तासाला एखाद-दुसरा अंश अशी सावकाश, मग दूध.

---

सराफ्यातली_रात्र

दूध कमी पडलं तर गायीचं देतात ना बरेच जण? पातळ करून?

---

गोचीडमार

पातळ तर मुळीच नाही. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आठ-दहा टक्के आणि प्रथिनं सात-आठ टक्के. गायीच्या दुधात दोन्ही चार टक्क्यांच्या आतबाहेर, वर साखर जास्त. त्यात पाणी घातलं की पिल्लाचं पोट भरतं, वजन वाढत नाही आणि जुलाब होतात. पिल्लांची दूध पावडर आधीच घरात आणून ठेवा.

मात्रा: पहिल्या आठवड्यात किलोमागे दिवसाला १३० ते १५० मिली. ४०० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसभरात ५२ ते ६०, म्हणजे आठ वेळा सात-सात मिली. पाजताना पिल्लू पोटावर, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की श्वासनलिकेत जातं आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया. पाजून झालं की ओल्या कापसाने शेपटीखाली चोळा. दोन-अडीच आठवडे त्यांना शी-शू आपणहून होत नाही, आई चाटते म्हणून होते.

आणि पहिला चीक पहिल्या बारा तासांत पोटात गेलाच पाहिजे. दिवसानंतर आतडं त्यातली प्रतिकारद्रव्यं घेत नाही.

---

शेपूटपुराण

आता भांडणाचा विषय: कॅल्शियम. गाभणपणात कॅल्शियमची बाटली चालू करणाऱ्यांनी ती बंद करावी.

---

नर्मदाकाठ

पण सगळे देतात. हाडं कशी होणार पिल्लांची?

---

शेपूटपुराण

चांगल्या खुराकात पुरेसं असतं. वरून ओतलं की शरीराची हाडातून कॅल्शियम काढण्याची यंत्रणा सुस्तावते. मग व्याल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दूध जोरात सुरू होतं, एकदम मागणी येते आणि रक्तातला साठा कोसळतो. कुत्री धापते, अस्वस्थ फिरते, पाय ताठ, मग थरथर, ताप ४१ पर्यंत. ही मिनिटा-तासांची गोष्ट आहे, शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं आणि तेही डॉक्टरांनीच, हृदयाचे ठोके ऐकत, सावकाश. पिल्लं त्या दिवशी आईपासून दूर. पॉमेरियन, शिह त्झू अशा लहान जातींत आणि मोठ्या विणीत हे जास्त.

खुराक: पहिले पाच आठवडे नेहमीइतकाच. सहाव्यापासून वाढवत शेवटी सव्वा ते दीडपट, थोडा-थोडा करून चार वेळा, कारण पोटात जागाच नसते.

---

मावळतीची_सावली

सगळं कष्टाचंच लिहिलं जातंय, थोडं दुसरंही. बारा-चौदा दिवसांनी पापण्यांच्या फटीत निळसर काचेसारखा डोळा दिसतो, आधी एकच, दुसरा उद्या. अठराव्या दिवसाच्या आसपास चार पायांवर उभी राहतात आणि पहिली पावलं चक्क मागे टाकतात. तिसऱ्या आठवड्यात एखादं भुंकतं आणि स्वतःच्याच आवाजाने दचकून बसतं. पोट भरल्यावर पेटीतून जो गुणगुणल्यासारखा आवाज येतो, त्यासाठी लोक २२४ नोंदी करतात.

तिसऱ्या आठवड्यापासूनच त्यांना जग दाखवा: मिक्सर, झाडूचा खराटा, कचरागाडीचं गाणं, छत्री उघडण्याचा आवाज. साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत जे पाहिलं ते ओळखीचं. थोडं-थोडं द्या, एकदम रंगपंचमीची गेर (मिरवणूक) नको.

---

महूरोड

त्यावरून मोसम. १५ ऑगस्टला मेटिंग झालं तर १७ ऑक्टोबरच्या आसपास वीण, १२ डिसेंबरच्या आसपास आठ आठवडे. हवा बरी, पण मध्ये दिवाळी. फटाक्यांनी बिथरलेली नवी आई पिल्लं तोंडात धरून जागा शोधत फिरते, कधी चिरडते. घरातली सर्वांत आतली खोली द्या, खिडकीला गोधडी. एप्रिल-मे मधली वीण टाळता येईल तर टाळा. पग, फ्रेंच बुलडॉग यांची तर नक्कीच. त्यांना धापून अंग नीट थंड करता येत नाही आणि त्यांची बाळंतपणं अनेकदा ऑपरेशन टेबलावरच होतात.

---

गोचीडमार

पावसाळ्यात गोचीड. कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या, बाकी भिंतीच्या भेगांत, चौकटीमागे, छताच्या कडेला. एक मादी हजारो अंडी घालते. आधी भेगा सिमेंटने बुजवा, मग फवारणी. अमित्राझ (गोचिडांचं औषध) गाभण, दूध पाजणाऱ्या कुत्रीला किंवा पिल्लांना लावू नका. त्यांच्या अंगावरच्या चिमट्याने काढा.

पार्वो, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबांचा विषाणू: फिनाइलने मरत नाही. आधी घाण धुऊन काढा, मग लिटरभर पाण्यात ३०-३५ मिली ब्लीच, दहा मिनिटं ओलं राहू द्या. जमिनीत हा विषाणू महिनोन् महिने टिकतो आणि तुमच्या चपलेवर येतो. बघायला येणाऱ्यांच्या चपला दाराबाहेर, हात धुऊन, आणि त्याच दिवशी दुसरीकडे पिल्लं बघून आलेल्यांना नम्रपणे परत पाठवा. वाईट दिसतं, पण करा. लस दिलेल्या पिल्लालाही होऊ शकतो, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला मारते आणि ती कधी संपेल ते पिल्लागणिक वेगळं. म्हणून शेवटचा डोस सोळा आठवड्यांचा झाल्यावर हवाच, हे गिऱ्हाइकाला लिहून द्या.

---

सराफ्यातली_रात्र

लोक ३५ दिवसांचं पिल्लू मागतात. "लळा लवकर लागतो" म्हणून.

---

शेपूटपुराण

लळा आठ आठवड्यांनीही लागतो. पाचव्या ते आठव्या आठवड्यात भावंडं एकमेकांना चावून "एवढं जोरात नाही" हे शिकवतात. ते हुकलं की पुढे तुमच्या मुलांच्या हाताला दात लागतात.

शिवाय नियमही तसाच आहे. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, मादी किमान १८ महिन्यांची हवी, आयुष्यात पाचांहून जास्त विणी नाहीत, मायक्रोचिप आणि नोंदवही ठेवायची, आणि राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी. "घरगुती आहे, आम्हाला लागत नाही" असं धरून चालू नका. "इम्पोर्टेड लाइन" म्हणून भाव सांगितला तर कागद मागा. प्रजननाच्या धंद्यासाठी कुत्री आयात करण्यावर २०१६ मध्ये बंदी घातली होती.

---

नर्मदाकाठ

थोडं अवांतर: हे सगळं लॅबसाठीच का? मुधोळ, कारवान या देशी जातींचा कुणी विचार करत नाही का? ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या श्वान केंद्रात मुधोळ आणि रामपूर हाउंडना कामाला लावलंय.

---

महूरोड

करावा. इथल्या उन्हाला टिकतात. पण आधी गिऱ्हाईक शोधा: रोज पळायला मोकळं मैदान हवं, फ्लॅटच्या गॅलरीत कारवान म्हणजे शिक्षा. अंगावर चरबी नसल्याने भुलीचा हिशेबही वेगळा, सिझेरियनच्या डॉक्टरांना हे आधी सांगा.

---

अपन_इंदौरी

शेवटचा प्रश्न. पिल्लू देताना सोबत काय द्यायचं?

---

तराजू

चालू खुराक एक किलो, म्हणजे आठवडाभर तोच चालेल आणि बदल हळूहळू होईल. पेटीतल्या चादरीचा हातभर तुकडा, न धुतलेला. लसीचं कार्ड, चिपचा पंधरा आकडी नंबर, जंताच्या पुढच्या डोसची तारीख. वजनाच्या तक्त्याची प्रत. आणि एका कागदावर ठळक: पोह्यांतला कांदा, बेदाणे, चॉकलेट नाही. इंदुरात सकाळी पहिल्याच दिवशी कुणीतरी पोहे भरवतंच.